बिनआवाजाची बंदूक

थंडी उतरणीला लागली की आमच्या परसातल्या द्राक्षात पाणी उतरतं. कालपरवापर्यंत हिरवे, टणक, गोट्यांसारखे असलेले मणी एका सकाळी बोटाला मऊ लागतात. उन्हाकडे धरले तर आतली बी सावलीसारखी दिसते. बाग असलेल्या माणसाचा जीव या दिवसांत सुखावायला हवा. माझा सुखावत नाही. मी चहाचा कप घेऊन मागच्या दारात उभा राहतो आणि परसात काहीतरी व्हायचं राहून गेलंय असं वाटत राहतं. कुणी बोलता बोलता वाक्य अर्धं सोडून उठून जावं, तसं.

जी राहून गेलेली असते ती माझ्या वडिलांची हाक.

वडिलांना सगळं कळंब गाव तात्या म्हणायचं, म्हणून घरातही ते तात्याच. घरामागे लगेच द्राक्षाचा मांडव, मांडव संपला की पाण्याची चारी, चारीच्या पलीकडे शेजारी सोपानरावांचा शाळू, म्हणजे रब्बीची ज्वारी. शाळवाचं कणीस हुरड्याला येतं आणि इकडे मणी मऊ पडतात, ते साधारण एकाच सुमाराला. नेमक्या त्याच सुमाराला भोरड्या येतात, साळुंकीच्या जातीची पाखरं. धरणाकडच्या बाभळींत रात्रभर दाटीवाटीनं बसलेले ते थवे उजाडताच आपल्या शिवारावर येतात. लांबून बघावं तर कुणीतरी आभाळात काळं लुगडं झटकतंय असं वाटतं. जवळ आल्या की आवाज, तापल्या तेलात मोहरी टाकल्यासारखा. आणि एकदा का मांडवावर उतरल्या की एकेका मण्याला एकेक चोच. खाऊन संपवत नाहीत, चोच मारून पुढच्या मण्याकडे जातात. चोच बसलेला मणी फुटतो, त्याचा रस खालच्या मण्यांवर ओघळतो, आणि दोन दिवसांत सगळा घड आंबतो.

तात्यांची राखण म्हणजे त्यांचा गळा. गोफण होती, पण ती खांद्यावर नुसती शोभेला. मांडवाच्या तोंडाशी उभं राहून ते हाक घालायचे, पोटातून निघून टाळूवर फुटणारी. सुरुवातीला शब्दच नसायचे, नुसतं लांबच लांब होऽऽऽ. मग थवा उठला की शब्द यायचे. "ये भवान्यांनो, सासरवाडी हाय व्हय ही? तुमच्या बापानं लावलीया का बाग?" पाखरांच्या आयाबहिणींचा उद्धारही व्हायचा, तो मी इथे लिहीत नाही. आणि थवा चारीकडे वळला की शेवटी, गळा अजून चढवून, "आल्या रंऽ!"

हे शेवटचं सोपानरावांसाठी. कारण आमच्या मांडवावरनं उठलेली पाखरं जाणार कुठं, तर त्यांच्या शाळवावर. ते शेतातल्या राखणीच्या माळ्यावर उभेच असायचे. हाक झेलायचे आणि उलट टाकायचे. "तात्या, सोयरं तुमचं, आन जेवायला आमच्यात का धाडताय?" इकडून जायचं, "सोपानराव, तुमच्या घरची पंगत बरी असतीया म्हणून." अशी हाक दिवसभर या शेतातून त्या शेतात जायची. त्या हाकेतच बाजारभाव कळायचे, कुणाची म्हैस व्याली ते कळायचं, कुणाचा पावणा उतरलाय ते कळायचं. ज्यांचं शेत आणखी लांब होतं ते नुसतं ऐकायचे. बायका तात्यांच्या दुपारच्या हाकेवर भाकरी थापायला बसायच्या.

आणि एक गोष्ट कुणी कधी ठरवलेली नव्हती, पण होती. हाक थांबली की माणूस जाऊन बघायचा. मी कॉलेजात असताना एकदा तात्यांना मांडवाखाली बसल्या बसल्या झोप लागली. सोपानरावांनी हाक टाकली, उत्तर आलं नाही. पुन्हा टाकली, नाही. सोपानराव धोतर मांडीपर्यंत खोचून चारीत उतरले आणि चिखलानं भरलेले पाय घेऊन आमच्या मांडवात शिरले, तर तात्या घोरत होते. सोपानरावांनी त्यांना उठवलं नाही. शेजारी बसून तंबाखू मळली आणि तात्यांच्या वाटणीची हाकही तिथनंच घातली. मग ते सगळ्यांना सांगत सुटले की मयताला गेलो आणि बारशाला बसून आलो. पुढं कितीतरी दिवस तात्यांना दुकानावर, पारावर, जिथं जातील तिथं झोप लागली का म्हणून विचारत होते लोक.

त्या हसण्यात मीही होतो. राखणीत राखण माणसाचीही होते, हे तेव्हा माझ्या डोक्यात आलं नाही. पुढंही आलं नाही. मी लोणी देवकरला कारखान्यात नोकरीला लागलो, क्वालिटीमध्ये. मालाला तडा आहे का, माप चुकलंय का, हे बघायचं माझं काम. घरी आल्यावर मला तात्यांचा आवाज नुसता आवाज वाटायला लागला.

आज मांडवावर जाळी आहे. पाखरं येतात, वरून एक फेरी मारतात आणि जातात. तात्या असेपर्यंत त्यांनी जाळी लावू दिली नव्हती. एका वर्षी शेजारच्या वस्तीवरच्या बागेत जाळीत अडकलेली भोरडी त्यांनी बघितली होती, पंख फाटलेली, उलटी लोंबणारी. तेव्हापासून त्यांचं एकच, "हाकलायचं. अडकवायचं न्हाय." मला तो हट्ट वाटायचा. बरीच वर्षं आम्ही त्यावरून कुरकुरलो.

मग ऋतुजाची बारावी आली.

ऋतुजा माझी एकुलती एक मुलगी. तिची अभ्यासाची खोली मागच्या बाजूला, खिडकी सरळ मांडवावर उघडणारी. एका संध्याकाळी जेवताना ती म्हणाली, "आज तात्या फारच ओरडत होते." एवढंच. तक्रारीचा सूरही नव्हता, आमटी वाढून घेता घेता म्हणाली आणि पुढं दुसरंच काही बोलायला लागली. पण ते वाक्य मी उचललं. दुसऱ्या दिवसापासून मी वैशालीला, म्हणजे माझ्या बायकोला, कारखान्यातल्या लोकांना, भेटेल त्याला सांगायला लागलो, की पोरीची बारावी आहे, यंदा परसात आवाज चालायचा नाही. तिचं वाक्य माझ्या तोंडात गेलं आणि मोठं झालं. ऋतुजाला पुढं जे सोसावं लागलं ते इथून सुरू होतं.

आवाजाशिवाय पाखरं कशी हाकलायची, याचा मी विचार करायला लागलो. फटाके नकोत. पाइपाची कार्बाइड बंदूक नको, ती तर तोफेसारखी वाजते. चकचकीत पट्ट्या बांधून बघितल्या, त्या वाऱ्यात रात्रंदिवस भुणभुणायच्या. कुणीतरी छऱ्याची बंदूक सुचवली. एका शनिवारी सुट्टी घेऊन मी बारामतीला गेलो.

दुकान फवारणी पंपांचं होतं. पंप, नोझल, बॅटऱ्या, आणि मागच्या भिंतीला लागून बंदुका. दुकानदार पोट सुटलेला, हसतमुख माणूस. त्यानं एक काढली, नळी मोडून ताणली, छर्रा घातला आणि आतल्या बाजूला कापसाच्या गाठोड्यावर मारून दाखवली. खण्ण असा आवाज आला, पत्र्यावर पळी पडल्यासारखा. ही स्प्रिंगची, तो म्हणाला. मी म्हणालो, याहून कमी आवाजाची दाखवा. त्यानं दुसरी काढली, गॅसची. तिचा आवाज बसका होता. मी म्हणालो, पुन्हा मारा, मी बाहेर उभा राहतो. बाहेर उसाचे ट्रॅक्टर जात होते, गाणी लावून. काहीच ऐकू आलं नाही. पण तो हिशेब बरोबर नव्हता, आमच्या परसात ट्रॅक्टर नसतात. म्हणून मी त्याला गोदामात नेलं, दार लावून घेतलं, भिंतीकडे तोंड करून डोळे मिटले आणि म्हणालो, आता एकेक मारा. माल तपासताना मी अशीच काळजी घेतो. एकेक आवाज कानात धरायचा, आधीच्याशी ताडून बघायचा, सोडून द्यायचा. तोंडाशी जाड नळकांडं बसवलेली एक होती. ती वाजली तेव्हा उशीवर कुणी बोट आपटावं तेवढाच आवाज झाला. ही, मी म्हणालो.

दुकानदार बंदूक पुसता पुसता म्हणाला, "सायब, गिऱ्हाईक विचारतं मारा किती लांब जातो. तुमी पयले, आवाज विचारणारे. पाखराला चोरून मारायचंय का घरच्याला चोरून?"

मी हसलो. तोही हसला. मुलीची बारावी आहे, मी म्हणालो. त्यानं लगेच आवाज मऊ केला आणि पोरीला यश चिंतलं. छऱ्यांची एक डबी त्यानं वर फुकट दिली.

परत येताना, बंदूक मागच्या सीटवर पोत्यात गुंडाळलेली, मी स्वतःला सांगत होतो की नुसतं भेदरवायचं आहे. भोरडी मारणं कायद्यात बसत नाही, हे मला ठाऊक होतं. पण भेदरवायला आवाज लागतो. जी बंदूक वाजतच नाही तिला भेदरवता येत नाही, तिला एकच काम येतं. ही साधी गोष्ट इंजिनिअरिंगचा डिप्लोमा झालेल्या माणसाला कळू नये? कळली होती. मी गाडीत रेडिओ लावला.

तात्यांना मी दुसऱ्या दिवशी सकाळी सांगितलं. ते तोंड धूत होते.

"तात्या, ऋतुजाची परीक्षा हाय. यंदा हाक नको."

तोंडावरचं पाणी तसंच ठेवून ते थांबले. "मंग पाखरं?"

"त्याचं मी बघतो."

ते वाद घालतील म्हणून मी तयारी करून आलो होतो. त्यांनी घातला नाही. टॉवेलनं तोंड पुसलं आणि म्हणाले, "पोरीची परीक्षा म्हंजी मोटी गोष्ट. ऱ्हायलं." तेवढ्यावर थांबले नाहीत. चारीपाशी गेले, आणि त्या हंगामातली शेवटची हाक घातली. "सोपानराव, आमच्या नातीची बारावी हाय. आजपास्नं हाक न्हाय. गप दिसलो तर मेलो म्हणून येऊ नगा." पलीकडून सोपानरावांचं हसणं ऐकू आलं. ते म्हणाले, तेवढंच आमच्या कानाला सुख.

पहिली भोरडी मी सोमवारी मारली, कामावर जायच्या आधी. ती मांडवाच्या तारेवर बसली होती, तिच्या दोन्ही बाजूंना ओळीनं बाकीच्या. बोटाखाली उशीएवढा आवाज झाला आणि ती खाली गेली. मला वाटलं, सगळ्या उठतील. एकही उठली नाही. तिच्या उजवीकडची जरा सरकली, डावीकडची जरा सरकली, आणि तारेवरची मोकळी जागा भरली. मग पुन्हा सगळ्यांच्या चोची मण्यांत.

ते सरकणं मला अजून दिसतं. कारखान्यात पट्ट्यावरचा एखादा नग बाजूला काढला की मागचा पुढं येतो, तेव्हा दिसतं. जेवणाच्या पंगतीत कुणी उठलं की दिसतं.

मेलेली पाखरं मी वेलाच्या बुडाशी पुरत होतो, तात्या यायच्या आत. पण एक निसटली. पंखाला छर्रा लागलेली, ती मांडवाखाली फरपटत गेली आणि तात्यांना सापडली. मी कामावरून आलो तेव्हा ते ओट्यावर बसले होते, ती ओंजळीत. बाटलीच्या टोपणातून तिला पाणी पाजायचा खटाटोप चालला होता. पाणी तिच्या चोचीवरून ओघळत होतं. गुलाबी पोटावरची पिसं चिकटून बसली होती. मी बूट काढत नुसताच उभा राहिलो.

तात्या माझ्याकडे न बघता म्हणाले, "हिला कुणी सांगितलंच न्हाय रं, की हितं यायचं न्हाय."

मग त्यांनी टोपण खाली ठेवलं. त्यांनी बंदुकीला कधी हात लावला नाही आणि तिच्याबद्दल पुन्हा शब्द काढला नाही. फक्त दुसऱ्या दिवसापासून ते उजाडताच मांडवात जायला लागले. मी कामावर असायचो तेव्हा, आणि घरी असायचो तेव्हाही, ते टॉवेल हातात घेऊन वेलांच्या ओळींमधून फिरायचे, टॉवेल डोक्यावर गरगर फिरवत, तोंड मिटून. पाखरं जरा उठायची आणि मागच्या ओळीत बसायची. तात्या वळून मागच्या ओळीत जायचे. मी खिडकीतून बघितलं एकदा. एक म्हातारा माणूस हात उंचावून, ओठ दाबून, पळाल्यासारखा चालतोय आणि कशाचाच आवाज नाही. आवाज नसला की माणूस किती एकटा दिसतो. ऋतुजानंही तिच्या खिडकीतून बघितलं असणार. पण आम्ही दोघंही एकमेकांशी त्यावर बोललो नाही.

फिजिक्सच्या पेपराच्या दिवशी मी तिला गाडीनं इंदापूरला घेऊन गेलो. निघताना तात्यांनी तिच्या हातावर दही-साखर ठेवली आणि मांडवाकडे गेले. वैशाली पुढच्या अंगणात गहू निवडत बसली होती. तात्या मागं आहेत, हे तिला माहीत होतं. मांडव इतका दाट असतो त्या दिवसांत की आत माणूस असला काय, नसला काय, बाहेरून कळत नाही. सोपानराव माळ्यावर होते. चारी ओलांडून त्यांना आमच्याकडची शांतता ऐकू येत होती, आणि ती शांतता बरोबर होती. तसं त्यांना सांगितलेलंच होतं.

जेवायची वेळ टळली तेव्हा वैशाली हाका मारत मागं गेली. तिनं मला नंतर सांगितलं, की मांडवावर भोरड्या निवांत बसल्या होत्या. खात होत्या, उडत नव्हत्या. ते बघूनच ती वाकून मांडवात शिरली. तात्या मधल्या ओळीत कुशीवर पडले होते. डोळे उघडे होते. त्यांनी तिला ओळखलं. टॉवेल मुठीत होता आणि अंगावर फुटक्या मण्यांचा चिकट रस वरून गळून गळून वाळला होता.

बारामतीच्या दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, कधी पडले? मी वैशालीकडे बघितलं. वैशालीनं सोपानरावांकडे. डॉक्टरांनी पुन्हा विचारलं, अंदाजे तरी, कारण त्यावर औषध ठरतं. सकाळी कधीतरी, मी म्हणालो. डॉक्टरांनी तेवढंच लिहून घेतलं. आयुष्यभर ज्या माणसाच्या आवाजावर गावानं भाकऱ्या थापल्या, तो माणूस कधी पडला, ते कुणाला सांगता येत नव्हतं.

बाहेर बाकावर सोपानराव टोपी मांडीवर घेऊन बसले होते. मी शेजारी बसल्यावर ते हळू म्हणाले, "हाक थांबली आसती तर मी चारीत उडी टाकली आसती, राव." मग त्यांच्या लक्षात आलं आपण काय बोललो ते. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि तो बराच वेळ तिथंच राहू दिला. मला तो हात सहन होईना, पण मी हललो नाही.

तात्या वाचले. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. ऋतुजानं उरलेले पेपर दिले, चांगले मार्क पडले, आणि पुण्याला फार्मसीला प्रवेश मिळाला. निकालाच्या दिवशी तिनं तात्यांच्या पायावर डोकं ठेवलं. त्यांनी डावा हात तिच्या केसांवर फिरवला. सगळे रडत होते, पण तिचं रडणं वेगळं होतं, ते थांबेचना. रात्री तिच्या खोलीतून तिच्या आईशी चाललेलं बोलणं मला ऐकू आलं. "मी त्या दिवशी बोललेच नसते तर." वैशाली तिला समजावत होती, की तसं काही नसतं बाळा. मी बोळात उभा होतो. दार लोटलेलं होतं, आत जायला एक पाऊल पुरलं असतं. मी स्वयंपाकघरात जाऊन पाणी प्यायलो.

पुढचा हंगाम तात्यांनी ओट्यावर खुर्चीत बसून काढला. मणी मऊ पडले, भोरड्या आल्या. मी त्या वर्षी बंदूक काढली नाही, ती घरातल्या माळ्यावर टाकली होती. अजून तिथंच आहे. गावातले दोघंतिघं मागून गेले, पडूनच आहे तर द्या की म्हणून. मोडली आहे, असं सांगतो. तर थवा मांडवावर उतरला की तात्यांचं तोंड उघडायचं. मान ताणली जायची, गळ्याच्या शिरा उभ्या राहायच्या, छाती भरायची. अगदी तीच हाक, सगळी, फक्त आवाज नसलेली. सुट्टीला आलेली ऋतुजा एकदा त्यांच्यापाशी बसली होती तेव्हा हे झालं. ती उठून आत गेली, आणि तिसऱ्या प्रहरच्या एसटीनं पुण्याला परत गेली. त्यानंतर ती या दिवसांत कधी घरी आली नाही. दिवाळीला यायची, उन्हाळ्यात यायची. द्राक्ष असताना नाही.

तात्या गेले ते गणपतीनंतर, पावसाची उघडीप असताना. आमच्याकडे सावडायच्या दिवशी श्रद्धांजलीची भाषणं होतात. नदीकाठी माइक लावतात, गावातली चार मोठी माणसं बोलतात. एकानं फार चांगलं भाषण केलं. तात्यांच्या आवाजाबद्दल बोलला, लोक हसले, मग डोळे पुसायला लागले. आणि शेवटी तो म्हणाला, की नातीच्या परीक्षेसाठी जन्माची हाक गिळणारा असा आजोबा पुन्हा होणे नाही. बायकांमध्ये कुजबुज झाली. कुणीतरी ऋतुजाला जवळ ओढून घेतलं. मी बघितलं तिच्याकडे. तिचा चेहरा, लहानपणी हातून काही फुटलं की ती जशी उभी राहायची, तसा. तिथं, सगळ्या गावासमोर, तिच्यावर ते पक्कं झालं. प्रेमानं, माइकवरून. आणि मी पहिल्या रांगेत हात जोडून उभा होतो. मुलगा म्हणून लोक माझ्याकडे बघून मान हलवत होते.

यंदा ती आली. का आली ते तिनं सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. परवा सकाळी मी जाळीची एक कड बांधत होतो, तर ती मागून येऊन उभी राहिली. वरून थवा गेला. त्याची सावली जाळीवरून सरकली आणि आमच्या दोघांच्या अंगावरूनही गेली. ती म्हणाली, "पप्पा, मी एक वाक्य बोलले होते फक्त."

मी सुतळी सोडली. आता जर पाणी प्यायला गेलो असतो तर पुन्हा कधीच आलो नसतो.

मी तिला सांगितलं. त्या वर्षी हुरड्याला मी कारखान्यातल्या लोकांना घरी बोलावलं होतं, मॅनेजर, त्यांची मिसेस, मुलं. तुला क्लास होता, तू नव्हतीस. परसात सतरंज्या टाकल्या होत्या. तेवढ्यात थवा आला आणि तात्यांनी हाक घातली, त्यातल्या सगळ्या आयाबहिणींसकट. मिसेसनी मुलांचे कान झाकले. बाकीचे पोट धरून हसले. मॅनेजरनी मोबाइलवर त्याचा व्हिडिओ काढला आणि कामाच्या ग्रुपवर टाकला. सोमवारी मी कँटीनमध्ये शिरलो तर कुणीतरी ताट वाजवून ओरडलं, आल्या रं. मग रोज. माझी नवी माणसंसुद्धा, मी ज्यांच्या कामावर सही करायचो ती. मी हसून घ्यायचो. आणि घरी आलो की तात्यांचा आवाज माझ्या अंगावर यायचा. त्यानंतरच्या आठवड्यात तू जेवताना ते वाक्य बोललीस.

"आवाज मला नको होता," मी म्हणालो. "तुझं नुसतं नाव घेतलं."

ती जाळीकडे बघत राहिली. मग म्हणाली, "तो व्हिडिओ आहे?"

मला वाटलं होतं ती रडेल, किंवा काही बोलेल. हा प्रश्न येईल असं वाटलं नव्हतं. त्यात तात्या होते. धडधाकट, उभे, आवाजासकट. त्यांचा आवाज दुसरीकडे कुठंच नाही, आम्ही घरच्यांनी कधी तो भरून ठेवला नव्हता.

"नाही," मी म्हणालो. "मीच मॅनेजरच्या हातापाया पडून पुसून टाकायला लावला. सगळ्यांच्या मोबाइलमधून."

तेव्हा तिनं माझ्याकडे बघितलं. इतक्या वर्षांत तिच्या डोळ्यांत मी तो राग बघितला नव्हता. ती वळली आणि घरात गेली.

तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नाही. ताटावर बसते, हवं ते आईकडून मागून घेते, मी समोर असलो तर माझ्या खांद्यावरून पलीकडे बघते. वैशाली म्हणते, असं काय झालं, जरा समजवा तिला. मी समजावत नाही. तिची पुण्याची गाडी काल सकाळची होती, ती गेली नाही. आज पहाटे मी मागच्या दारात आलो तर ऋतुजा मांडवाखाली उभी होती. तात्या पडले तेव्हापासून तिनं आमच्या बागेतला एक मणीही तोंडात घातलेला नव्हता. तिनं हात वर करून एक घड तोडला, फ्रॉकातल्या पोरीनं पुसावा तसा ओढणीला पुसला आणि उभ्या उभ्या खाऊ लागली. माझी चाहूल लागली तशी तिनं पाठ फिरवली, पण खायची थांबली नाही.